अ‍ॅशबर्नचे गिऱ्हाईक

मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या ज्या दुकानदारास कोणत्या घरची तूरडाळ केव्हा संपते हे मुखोद्गत असते, त्याने चिरंजिवांच्या आग्रहास्तव संकेतस्थळ काढून गूगल अ‍ॅनालिटिक्सचा तक्ता तपासावयास घेतला, तेव्हा अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतीच्या अ‍ॅशबर्नहून आपल्या डाळीची नित्य चौकशी होत असल्याचे वर्तमान त्यास कळले. तेथील प्रचंड डेटा सेंटरांतून यंत्रेच जगभरची पाने चाळीत असतात, त्यांपैकी ओळखीची वगळण्याची तजवीज असली तरी अनोळखी निसटून हजेरी लावतात, आणि डाळ कोणीच खात नाही, हा खुलासा तक्त्यात नसतो. उलट, समोरच्या आळीतून मोबाइलवर भाव पाहणारे सदेह गिऱ्हाईक कित्येकदा टेलिफोन कंपनीच्या कृपेने नागपूर वा मुंबईच्या खाती जमा होते. चिरंजीव सांप्रत अ‍ॅशबर्नसाठी घरपोच सेवेचा दर ठरवीत आहेत.