पंधरा एप्रिलपर्यंतचा मोक्ष

अमेरिकेत तत्त्वज्ञानाच्या पीएचडीला अर्ज करणे हेच त्या विषयाचे पहिले प्रात्यक्षिक. डिसेंबर-जानेवारीत लेखनाचा नमुना, तीन शिफारसपत्रे आणि बहुतेक विद्यापीठांची वेगवेगळी फी. मग मार्च सरेपर्यंत इनबॉक्सचा जप. ‘जे आपल्या हाती नाही त्याची चिंता नको’ हा एपिक्टेटसचा उपदेश ज्याने अर्जात घोळून घोळून मांडला, तोच रात्री अडीचला स्पॅमचा कप्पा उपसत असतो. प्रतीक्षायादीत नाव लागले की त्रिशंकू. धड आत नाही, धड बाहेर नाही. निर्णय कळवायची सर्वमान्य मुदत १५ एप्रिल. तोवर वरच्या कुणी जागा सोडली, तर याला मोक्ष!

नकारपत्रात मात्र तर्कशास्त्राला सुट्टी: यंदाचे अर्जदार असामान्य होते, तुम्हीही होता, म्हणून नाही.

धीर धरा. कांट १७५५ साली क्योनिग्सबर्गमध्ये शिकवू लागला. प्राध्यापकपद मिळाले १७७० साली. सॉक्रेटिसला तर आज कुणी दारातही उभे केले नसते. लेखनाचा नमुना नाही, आणि शिफारस करणारा प्लेटो, तोही स्वतःचाच शिष्य!