आमच्या तालुक्यात

पुण्याहून पावसाळ्यात रविवारी सकाळी सहाला ज्या एकदिवसीय सहली सुटतात, त्यांच्या जाहिरातीत ‘नाष्टा, जेवण, दोन वेळचा चहा आणि तज्ज्ञ मार्गदर्शक’ असा क्रम असतो. जुन्नरच्या सहलीतला हा शेवटचा पदार्थ म्हणजे ‘सर’.

सर कुठल्या शाळेत शिकवतात हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर कळतं, की एक सर पतसंस्थेत वसुलीला होते, दुसऱ्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिसरे खरोखरच शिक्षक होते, पण चित्रकलेचे. तरी ओळखायला अडचण पडत नाही. अंगात बारा खिशांचं जाकीट, गळ्यात राजमुद्रेचं लॉकेट, कमरेला पट्ट्यानं बांधलेला स्पीकर आणि हातात लेझरचा दिवा. त्या दिव्याचा ठिपका उजेडात फक्त सरांनाच दिसतो. पिशवीत स्वतः लिहिलेली पुस्तिका असते. किंमत पन्नास रुपये, सहलीच्या मंडळींना चाळीस. आणि प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला एक सरकारी कागद असतो. २०१८ साली सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, त्याचा. हा कागद सर मागितल्याशिवाय दाखवतात.

शिवाजीनगरला गाडीत बसल्याबरोबर सर झोपतात. चाकण झोपेत जातं, राजगुरुनगर झोपेत जातं. मंचरला गाडी नाष्ट्याला थांबते तेव्हाही ते मिसळ खातात ते कर्तव्य म्हणून. कुणीतरी उत्साही माणूस विचारतो, “सर, इथं काही बघण्यासारखं?”

“आहे की. अजून पंधरा किलोमीटर पुढं.”

कारण मंचर आंबेगाव तालुक्यात येतं. शेजारच्या तालुक्याविषयी सरांच्या मनात वैर नाही, फक्त एक प्रकारची करुणा आहे. “ज्या तालुक्याचं नावाचं गावच डिंभ्याच्या धरणात गेलं, कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, त्यांना आपण काय बोलायचं?” असं ते चहाच्या कपात बघत म्हणतात. पण सहलीत महाळुंगे पडवळ माहेर असलेली एखादी मावशी असतेच. ती पदर खोचून म्हणते, “आमच्या गावानं बाबू गेनू दिला हो.” सर ताबडतोब कप खाली ठेवून हात जोडतात. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवा झालेला गिरणी कामगार. तिथं तालुका मध्ये आणायचा नसतो, एवढं सरांना कळतं. मावशी मात्र तेवढ्यावर सोडत नाही. “आणि डिंभ्याच्या डाव्या कालव्याचं पाणी तुमच्या येडगावात येतं, तेही जरा स्पीकरवर सांगा.” मग सर स्पीकरची बॅटरी तपासायला गाडीकडे जातात.

कळंब मागं पडलं की सर जागे होतात. डोळे आधी, मग माइक. “हॅलो, हॅलो, मागं येतंय का? मंडळी, आता आपण आमच्या तालुक्यात प्रवेश करतोय.” इथून पुढं संध्याकाळपर्यंत प्रत्येक वाक्याच्या आधी ‘आमच्या तालुक्यात’ हे दोन शब्द येणार, हे धरून चालायचं. विश्वाच्या पोटातले रेडिओ लहरींचे आवाज ऐकायचे तर कुठं यावं लागतं? आमच्या तालुक्यात, खोडदला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या कान लावून बसल्या आहेत. गावोगावच्या जत्रांना तमाशाची सुपारी द्यायला लोक कुठं येतात? नारायणगावला, राहुट्यांवर. अहमदनगरची निजामशाही उभी राहिली कुठून? मलिक अहमदाचं ठाणं आधी जुन्नरला, नगर मागाहून वसलं, “म्हणजे नगर हे आमचं वाढीव बांधकाम.” आणि ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा? “बोलला पैठणला, मान्य. पण समाधीला कुठं आला? आळ्याला. आळे कुठं आलं?” आता पोरंसोरंही कोरसमध्ये उत्तर देतात.

ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस थापा मारतो. तसं नाही. वरच्या यादीतली एकही गोष्ट सरांनी पदरची घातलेली नाही. समाधीची कथा श्रद्धेची, पण ती साऱ्या पंचक्रोशीची आहे. सरांची अडचण वेगळीच आहे. खरं तेवढं सांगितलं तर पुण्याचा माणूस मान डोलावून मोबाइलकडे वळतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून खऱ्या गोष्टीला ते एक जपानी इंजिनिअर जोडतात.

हा इंजिनिअर लेण्याद्रीला भेटतो. पायऱ्या तीनशेच्या आसपास. नेमक्या किती यावर कुठल्याही दोन माणसांचं एकमत होत नाही, कारण डोलीवाल्याशी घासाघीस करताना प्रत्येकाचा आकडा चुकतो. वर गिरिजात्मज बसला आहे तो बौद्ध भिक्षूंच्या विहारात. भलामोठा मंडप, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आणि मधे एकही खांब नाही. आता, डोंगर आतून कोरत नेलाय म्हटल्यावर खांब न ठेवताही छत टिकतं, यात खडकाची आणि कोरणाऱ्याची जी करामत आहे ती पुरेशी आहे. पण सर आवाज खाली आणून सांगतात, “जपानहून इंजिनिअर आले होते. आठ दिवस मोजमापं घेतली. जाताना एवढंच म्हणाले, सॉरी.” हा जपानी शेजारच्या चैत्यगृहातही येतो, तिथंही सॉरी म्हणतो. भारतातल्या झाडून साऱ्या प्राचीन वास्तूंची माफी मागत हिंडणारा हा बिचारा कधी घरी जात असेल कोण जाणे.

अशा गाडीत कोथरूडचे एक काका असतात. त्यांची मुलगी ह्यूस्टनला, त्यामुळे ते नुकतेच मेक्सिकोला जाऊन आलेले आणि कॅनकूनहून बसनं एका दिवसात माया लोकांचं चिचेन इत्झा पाहून आलेले. काका प्रत्येक गोष्टीला “तिथं असं नव्हतं” म्हणतात. तिथं गाइडच्या हातात छत्री होती. तिथं बसमध्ये पाण्याची बाटली फुकट. सर दोन तास ऐकून घेतात आणि चैत्यगृहाच्या दारात विचारतात, “काका, तुमचा तो पिरॅमिड किती सालचा?”

“झाली असतील हजार-अकराशे वर्षं.”

“म्हणजे लेण्याद्रीहून सात-आठशे वर्षांनी लहान. असू द्या, होईल मोठा.”

काकांना हे झोंबतं. ते म्हणतात, “अहो, तिथं पिरॅमिडपुढं टाळी वाजवली की क्वेट्झल पक्ष्यासारखा प्रतिध्वनी येतो. आहे इथं तसं काही?” आणि दोन्ही हात वर करतात. त्या क्षणी सर झेप घेऊन त्यांचे हात धरतात. दिवसभरात हे एकच वाक्य ते माइकशिवाय बोलतात: “टाळी नको. वर आग्या मोहोळ आहे.” सगळे माना वर करतात. कपारीला काळी झालर लोंबत असते. मंडळी पाच मिनिटं चवड्यांवर चालतात. खाली उतरल्यावर सरांना कंठ फुटतो: “तिकडं टाळीला एक पक्षी उत्तर देतो. आमच्या तालुक्यात हजारो देतात.”

त्याच पायऱ्यांवर माकडानं काकांचा चष्मा नेला, हे इथंच नोंदवून ठेवतो. सर म्हणाले, “मिळेल. आमच्या तालुक्यात वस्तू हरवत नाही.” आणि एका डोलीवाल्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

शिवनेरीवर सर वेगळे असतात. सात दरवाजे, शिवाई, गंगा-जमुनाची टाकी, १९ फेब्रुवारी १६३०, जन्मस्थान, पाळणा. सगळं नीट, ओळीनं आणि थोडक्यात. जपानी इथं फिरकत नाही. जे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे आणि ज्याच्यापुढं तो आपण होऊन चपला काढतो, तिथं वाढवून सांगण्याची गरजच राहत नाही. सर तिथं जवळजवळ चांगले इतिहासकार होतात. खाली उतरताना मात्र कड्याच्या पोटातल्या लेण्यांकडे लेझर रोखून ते पूर्वपदावर येतात. “तिथं ब्राह्मीत लिहिलंय, चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. यवन म्हणजे ग्रीक. म्हणजे जुन्नरची पहिली खानावळ ग्रीकांनी काढली. आता आपण दुसरीत जातोय.” मासवडी आणि रश्शावर एवढी विद्वत्तापूर्ण प्रस्तावना दुसरी कुठं ऐकायला मिळणार? यवन म्हणजे ग्रीकच की पश्चिमेकडून आलेला कुणीही, यावर अभ्यासकांचा खल चालू असतो. पण हा लेख आहे, दान आहे आणि जेवणाचा मंडपच आहे. परगावाहून, बहुधा परदेशातून आलेला एक माणूस दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरला येऊन जेवणाची सोय करून गेला. मला विचाराल तर ही गोष्ट दहा जपान्यांना पुरून उरते. काका तेवढ्यात विचारतात, “मासवडीत मासा असतो का हो?”

सरांचं खरं राज्य नाणेघाटात. पावसात घाटमाथ्यावर वारा असा असतो, की धबधब्याचं पाणी खाली पडायचं सोडून वर उडतं आणि छत्र्या सगळ्यांच्याच उलट्या होतात. कोकणातून, कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा व्यापारी माल याच वाटेनं वर चढायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकायचे असं परंपरा सांगते. सर सांगतात, “जगातला पहिला टोलनाका. आणि पावती न देणारा शेवटचा नाही.” चाकणपासून फास्टॅगवर वैतागलेला चालक तेवढ्यावर टाळी देतो. इथं मोहोळ नाही, त्यामुळे चालतं.

मग गुहा. डाव्या-उजव्या भिंतींवर नागनिका राणीचा लेख, अश्वमेध-राजसूयाची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी. भारतातले अगदी जुने आकडे इथं कोरलेले सापडतात, म्हणून “आकड्यांचा जन्म आमच्या तालुक्यात” हे आलंच. काका म्हणतात, शून्य तर माया लोकांकडेही होतं. सर म्हणतात, “त्यांच्याकडे शून्य होतं. आमच्याकडे मोजायला गाई होत्या.” आणि खरोखरच होत्या. एके ठिकाणी १,७००, एके ठिकाणी १०,००१. हा वरचा एक पाहून गाडीतल्या साऱ्या गृहिणींना राणी एकदम घरची वाटते. आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालायची रीत सातवाहनांनाही सुटली नव्हती, असं त्यांचं मत पडतं. इतिहासाचं पुस्तक असा शेरा मारणार नाही, पण शेरा वाईट नाही.

मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता उरलीत ती नावं आणि पावलांच्या खुणा. ही रिकामी जागा सरांना सहन होत नाही. ते मंडळींना ओळीनं उभं करतात. “तुम्ही सिमुक सातवाहन. वहिनी, तुम्ही नागनिका, जरा पुढं या. साहेब, तुम्ही त्यांचे सातकर्णी, मागं राहा. कुमार हकुसिरी कोण होतं? ए बाळा, वेफर्स खाली ठेव.” महारठी व्हायला झुंबड उडते. नाव पुसलं गेलेल्या जागी उभं राहायला कुणी तयार नसतं. तिथं शेवटी चष्मा गेलेल्या काकांना उभं करतात, कारण त्यांना वरचं वाचता येत नाही. फोटो निघतो. तो घरोघरच्या गटांवर ‘सातवाहन फॅमिली’ म्हणून फिरतो. पुढच्या वेळी शाळेच्या पुस्तकात सातकर्णी आला, तर त्या वेफर्सवाल्या पोराला धडा पाठ करावा लागणार नाही. आपले बाबा मागं उभे होते, हे त्याला आठवेल. एवढं कुठल्या तज्ज्ञानं साधलंय?

परतीच्या वाटेवर काकांनी चष्म्याचा विषय काढलाच. सर सावरून बसले.

“काका, पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन आला होता. त्वेर गावचा. चौलला उतरला, घाट चढला आणि पावसाळ्यात आमच्या तालुक्यात अडकला. चार महिने पाणी आणि चिखल, असं लिहून ठेवलंय त्यानं.”

“म्हणजे रस्ते तेव्हापासून असेच,” मावशी म्हणाल्या.

“पाऊस तेव्हापासून चांगला, असं म्हणा. तर त्याच्याकडे विकायला आणलेला एक घोडा होता. इथल्या असदखानानं तो काढून घेतला. म्हणाला, धर्म बदल, घोडा देतो, वर हजार मोहरा देतो. चार दिवसांची मुदत. निकितिन पार रडकुंडीला. तेवढ्यात खुरासानचा एक ओळखीचा बडा माणूस आला, त्यानं खानाकडे शब्द टाकला.”

“आणि?”

“घोडा परत. धर्मही शाबूत. आता बोला.”

काका काही बोलले नाहीत. नारायणगावच्या वळणावर सरांचा फोन वाजला. “हां… हां… कुठं, टाक्यात?… बरं, ठेव जपून.” सरांनी जाकिटाच्या खिशांतून उरलेल्या पुस्तिका गोळा केल्या, स्पीकरचा पट्टा सोडला आणि दारात उभं राहून शेवटचा माइक घेतला.

“काका, चष्मा मिळाला. पुढच्या रविवारी घेऊन येतो. एक काडी आणि डावी काच काळाच्या ओघात नष्ट झाली आहे. उजवी मात्र मूळ अवस्थेत आहे.”