निवड समितीच्या दिव्यदृष्टीस

प्रति,
सन्माननीय निवड समिती (प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि व्यवस्थापकांचे मेहुणे यांसह),



परवाच्या खो-खो चाचणीची यादी वाचली आणि आपल्या दिव्यदृष्टीपुढे हात जोडले. पोरं उन्हात धावत होती. आपण मंडपात मैदानाकडे पाठ करून चहा घेता घेता कोण चपळ ते ओळखलंत. खांबावर सूर मारून गडी टिपणारा आमचा भाचा राखीवमध्येही नाही. आणि खो मिळायच्या आत चौकातून उठणारा थेट कर्णधार! त्याच्यात नेतृत्वगुण आहेत म्हणालात. असणारच. संघाचे गणवेश त्याच्या वडिलांनी दिलेत.

खेळाच्या प्रमाणपत्राचं मोल आम्हालाही कळतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, दहावी-बारावीला वाढीव गुण. म्हणूनच संघातल्या एक-दोघांना मैदानापेक्षा प्रमाणपत्राची निकड जास्त असते. (प्रवासात खिडकीही त्यांनाच लागते, पण ते असो.)

आपली परंपरा जुनी आहे, हेही मान्य. १९५२ च्या ऑलिंपिकआधी मद्रासच्या कुस्तीत प्रतिस्पर्धी निरंजन दासपेक्षा स्वतःला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची तक्रार होती. गाऱ्हाणं पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेलं, कुस्ती पुन्हा लागली आणि खाशाबांनी त्याच निरंजन दासला लोळवलं. मग हेलसिंकीत कांस्य! स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या एका गुणात अडकलं होतं. आमच्या भाच्याची अडचण एवढीच, की त्याच्या ओळखीत कुणी महाराज नाहीत. तालुक्याला अर्ज दिला, तर तो अभिप्रायासाठी आपल्याकडेच आला म्हणे.

ओळख न पाहता क्रम कसा पाळतात, ते वारीत पाहा. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी आमच्या नातेपुत्यात मुक्कामाला असते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. आमदार चालायला आले म्हणून दिंडी पुढे सरकत नाही. लाखोंच्या गर्दीत हे निभतं. आपल्याला एका संघाची यादी करायची होती.

तेव्हा विनंती एकच. पुढच्या चाचणीला प्रत्येक पोराच्या नावापुढचे गुण, देणाऱ्याच्या सहीसह, त्याच संध्याकाळी मैदानाच्या भिंतीवर लावा. बेरीज आम्ही करून घेऊ.

आपला,
न निवडलेल्याचा मामा
नातेपुते, ता. माळशिरस