फॉरेनची विजार

देवणी गावाचं नाव गाजवलं ते गायबैलांनी. घोडे बघायचे तर मात्र मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा गाठावी. तिथं जुना सवार गोधडी टाकतो, तंग आवळतो, धोतर खोचून बसतो. नवा शौकीन ‘फॉरेन’ची जोधपुरी विजार मागवतो. ती १८९७ साली जोधपूरच्या सर प्रतापसिंहांनीच लंडनला नेली, हे दुकानदार कशाला सांगेल? खरी नवी अन् कामाची वस्तू एकच, हेल्मेट. पण फेट्याची शान जाते म्हणून ते खुंटीला! आमच्या वरातीतल्या घोडीच्या झुलीवर तर आता एलईडीच्या माळा आल्यात. नवरदेवाच्या कमरेला तलवार, हातात मोबाईल, लगाम घोडेवाल्याकडे. तो लगाम देशी की विलायती, हे अजून एकाही वऱ्हाड्यानं विचारलेलं नाही.