अर्थिंगवाले भाऊ

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागतं. रेमंडचा कापड कारखाना, त्याच्या आसपासची औद्योगिक वसाहत, आणि पलीकडे कपाशीची, संत्र्याची वावरं. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला आणि बोरगाव नव्या जिल्ह्यात गेलं. पण सरकारी कागद हिंदीत, भांडण मराठीत आणि कॉम्प्युटरचे सुटे भाग नागपूरच्या सीताबर्डीत, ही जुनी वाटणी तशीच राहिली. पाळी संपवून आलेला बाप झोपायला बघतोय, बाजूच्या खोलीत पोट्टा बंदुका चालवतोय आणि गोळीबारापेक्षा मोठ्यानं स्पीकर घोंघावतोय, असं घर आता इथं नवलाचं नाही. अशा घरी ज्यांना बोलावतात, ते अर्थिंगवाले भाऊ.

भाऊ धंद्यानं कोण, ते विचारू नये. ते मेकॅनिक नाहीत, कारण पैसे घेत नाहीत. वायरमन नाहीत, कारण परवाना नाही. शर्टाच्या खिशात टेस्टर असतो, एवढाच त्यांचा हुद्दा. त्यांची जडणघडण लाऊडस्पीकरवर झाली. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या वरातीत आहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसून ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या काळात त्यांचं निदान होतं ‘कंडेन्सर’. पंखा हळू फिरतो, कंडेन्सर. ओलिताची मोटर उचलत नाही, कंडेन्सर. आणि पंख्या-मोटरच्या बाबतीत हे निदान इतक्यांदा खरं निघायचं की भाऊंना बाकी काही शिकायची गरजच पडली नाही. पुढे गावात कॉम्प्युटर आले. त्यात कंडेन्सर कुठं असतो ते दिसेना, तेव्हा भाऊंनी निदान बदललं.

“काऊन बे, कवापासून करून रायला आवाज?”

“गेम लावला का येते, भाऊ. एरवी नाही येत.”

“अर्थिंग.”

“पण भाऊ, गाणे लावले तं अजिबात नाही येत.”

“अर्थिंगचं असंच रायते. थे पाहून येते.”

भाऊ खुर्चीवर टेकत नाहीत. ते स्पीकरला कान लावून, डोळे मिटून उभे राहतात. सगळं घर गप्प होतं. आतून पोट्ट्याची आई विचारते, “भाऊजी, चहा ठेवू का?” भाऊ बोट वर करून तिला थांबवतात. तेवढ्यात स्पीकरमधून टर्र-टर्र-टर्र असा निराळाच आवाज येतो. “पाह्य, जोर धरला त्यानं,” असं भाऊ म्हणतात न म्हणतात तोच त्यांच्या खिशातला बटणांचा फोन वाजतो. तो फोन 2जी, सेकंदाला 217 वेळा लहरींचे ठोके सोडणारा, आणि स्पीकरच्या उघड्या-नागड्या वायरी ते ठोके झेलणाऱ्या. खिसा दोन हात मागं सरकला असता तर टर्र-टर्र थांबली असती. पण भाऊ फोन घेतात, “बिझी हाओ,” म्हणून ठेवतात आणि पुन्हा कान लावतात.

गंमत अशी की भाऊंचा कान खरोखर चांगला आहे. मांडवात वाढलेला कान तो. आपल्या विजेचे हेलकावे सेकंदाला 50. तोच जाड सूर, नाहीतर त्याच्या दुप्पट 100 चा, ‘घूंऽऽ’ करत आला की खोट विजेच्या किंवा अर्थच्या बाजूची, हे ते झोपेतही ओळखतील. पण इथला आवाज घूं नाही, चिर्रऽ आहे. माऊस हलवला की बदलतो, गोळीबार वाढला की वाढतो. गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड वीज गटागटा ओढतं आणि तीही धक्क्याधक्क्यानं. ते धक्के मदरबोर्डच्या सामाईक ग्राउंडवरून शेजारच्या साऊंडच्या सर्किटात शिरतात आणि हिरव्या जॅकमधून बाहेर पडतात. गाण्याच्या वेळी कार्ड झोपलेलं असतं, म्हणून आवाज नाही. पोट्टा हेच सांगत होता. पण रोग्याचं ऐकणं भाऊंच्या वैद्यकीत बसत नाही.

खरं तर निवाडा दोन मिनिटांचा आहे. स्पीकर चालू ठेवायचे आणि जॅक कॉम्प्युटरमधून उपसायचा. घोंघावणं तसंच राहिलं, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या अ‍ॅडॅप्टरचा. थांबलं, तर कॉम्प्युटरकडून येणारा. मग शे-दोनशेचं यूएसबी साऊंड कार्ड लावून पाहायचं, वापरात नसलेल्या माईकचा आवाज शून्यावर आणायचा, गेमच्या फ्रेम सेकंदाला 60 वर बांधायच्या. चिरचिर स्पीकर बंद केल्यावरही येत असेल, तर ती बहुधा ग्राफिक्स कार्डातल्या कॉईलची. तिथं स्पीकरचा काही गुन्हा नाही. हे सगळं भाऊंना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण दोन मिनिटांत निवाडा लागला तर चहा कशावर प्यायचा? पुढच्या रविवारी यायचं कशाला? शनिवारी तर ते येतच नाहीत. त्या दिवशी जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन असतं. भाऊंना आवाज घालवायचा नसतो, त्यांना तो शोधायचा असतो. कोणत्याही घरच्या चिरचिरीचा निकाल लागल्याचं मी ऐकलेलं नाही. फक्त तारखा पडतात.

तरी अधूनमधून भाऊ बरोबर ठरतात, हीच खरी अडचण. ते टेस्टर काढून कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवतात आणि दिवा लागतो. घरभर शहारा. कारण साधं असतं: बोर्डाला तिसरं भोक आहे, पण त्याच्या मागं तार नाही. अशा वेळी पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर 230 च्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दाब तरंगतो. करंट इवलासा, म्हणून मरण नाही. नुसत्या झिणझिण्या आणि स्पीकरला घरघर. “म्या काय म्हटलं होतं?” असं भाऊ चार वेळा म्हणतात आणि त्यानंतर सहा महिने गावात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

इथवर हसता येतं. पण भाऊंच्या पोतडीत एक शेवटचा उपाय आहे. कॉम्प्युटर एका बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर आणि मधे ऑडिओची वायर, असं असलं की दोन्ही अर्थमधला फरक त्या वायरीतून फिरायला लागतो आणि घूं सुरू होतं. दोन्ही वस्तू एकाच बोर्डावर आणल्या की बहुतेकदा भागतं. भाऊ मात्र पक्कड मागतात आणि प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकतात. आवाज जातो! टाळ्या पडतात, चहा दुसऱ्यांदा येतो. आणि उद्या आत एखादी वायर पत्र्याला चिकटली तर फ्यूज उडवायला जी वाट होती, तीच कापली गेलेली असते. मांडवात भाऊंनी अशा किती पिना कापल्या, त्याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही.

म्हणून सांगतो, भाऊंना अवश्य बोलवा. बोलावलं नाही तर ते रुसतात, आणि गावात त्यांच्याइतकं मन लावून दुसऱ्याच्या घरचा आवाज ऐकणारं दुसरं कोण आहे? फक्त अर्थची तार परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या, आणि भाऊ यायच्या आधी घरातली पक्कड शेजारी ठेवून या.