धाटावला लागलंय नळकांड्यांचं वेड

काय बाई ऐकावं ते! एमआयडीसीतली चांगली कमावती पोरं म्हणे हल्ली फर्स्ट शिफ्टचं नाव काढू देत नाहीत. सकाळीच गेटवर हजेरी लावली, तर कोलाडचं राफ्टिंग टिपणार कोण? सुपरवायझरला गोड बोलून सेकंड शिफ्ट पदरात पाडून घ्यायची आणि उजाडायच्या आत पाठीला बोचकं अडकवून साजे गावाच्या दिशेनं पसार! एकानं तर लग्नासाठी साठवलेल्या पैशांत १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली म्हणतात. वजन दोन किलोच्या आसपास, किंमत लाखाच्या घरात. मुलीकडचे विचारतात, "सोनं किती घालणार?" हा सांगतो, "एफ ६.३."

कोलाडच्या कुंडलिका नदीचंही वेळापत्रक तसलंच. मुळशीचं पाणी घाटाखाली येऊन भिऱ्याला टाटांची वीज तयार करतं, तेही १९२७ पासून, आणि मग कुंडलिकेत उतरतं. म्हणून तर बाकीच्या नद्या आटल्या तरी इथे तराफे उसळतात. पण पाणी सुटतं सकाळी. दुपारी गेलात तर नुसते गोटे!

खरी अब्रू जाते ती काठावर. तराफा वीस मीटरवरून जातो आणि ६०० मिमीत तेवढ्या अंतरावर जेमतेम सव्वा मीटर रुंदीचं दृश्य मावतं. घरी येऊन बघावं तर काय, एक हेल्मेट, अर्धं वल्हं आणि कुणाच्यातरी काकांची नाकपुडी. तिथे ७०-२०० पुरते हो! पण ती लटकवली तर चौकात भाव कोण देणार?

बरं, नदी वाहते पश्चिमेला. येणाऱ्या तराफ्याकडे तोंड केलं की सकाळचा सूर्य थेट डोळ्यांत, माणसं कोळशासारखी काळी. हिवाळ्यात दक्षिण काठ धरावा, म्हणजे ऊन पाठीवर पडतं. थेंब गोठवायचे तर शटर हजारांश सेकंदाच्या पुढे हवं. वेग दाखवायचा तर साठांशावर आणून तराफ्याबरोबर कॅमेरा फिरवावा. शंभरातले नव्वद फोटो हलतात, मग त्यालाच 'कलात्मक' म्हणायची सोय आहे. पांढऱ्या फेसाला भुलून कॅमेरा सगळंच काळपट करतो, ते वेगळंच.

आणि आता नवीन खूळ, विंडसर्फिंग! २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये इबाद अलीनं त्यात कांस्यपदक आणलं, तेव्हापासून म्हणे गोव्याच्या वाऱ्याची चौकशी चालू आहे. कबूल करायलाच हवं, तिथे मात्र हे नळकांडं शोभेल. शिडाची फळी दोनशे मीटर आत गेली की ६०० मिमी उभी धरून अख्खं शीड चौकटीत बसतं. पण आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून. दुपारनंतर समुद्राचा वारा चढतो, तेव्हाच सूर्यही समोर उतरायला लागतो. मग शिडातून आरपार आलेला उजेडच टिपायचा. चेहरा हवा असेल तर लग्नाचे फोटो काढा.

असो, पोरांनो, कर्ज काढून भिंगं घ्या, नाहीतर भाड्यानं आणा. पण फोटोसाठी कुंडलिकेच्या कोरड्या दिसणाऱ्या पात्रात गोट्यांवर उतरू नका. वरून पाणी सुटलं की ते गोटे बुडतात. काठावरच उभे राहा.