उमेदवारीची सनद

वृत्तपत्रव्यवसायात शिरू इच्छिणाऱ्या सुविद्य तरुणाने पदविकेचा दाखला, दोन वजनदार शिफारसपत्रे आणि सत्यान्वेषणाची अनिवार तळमळ यांसह संपादकांपुढे दरखास्त गुदरावी, आणि संपादकांनी ती तळमळ तूर्त दप्तरी दाखल करून त्याला कांद्याच्या बाजारभावावर व राशिभविष्यावर रुजू करून घ्यावे, हा या क्षेत्रातील सर्वमान्य शिरस्ता होय. भविष्यकार रजेवर असल्यास गतवर्षीचे कन्येचे फल वृश्चिकेच्या पदरात घालण्याची जोखीमही त्याच्याच शिरावर येते. आणि नवल असे की, वाचकांची तक्रार येते ती शुद्धलेखनाविषयी. १८३२ साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांकडे पदविका मागणारे कोणी नव्हते. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीबद्दल १८८२ साली टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात जे १०१ दिवस काढले, तो अभ्यासक्रम मात्र निवासी, निःशुल्क आणि भोजनासह होता. हल्लीच्या संस्था शुल्क भरपूर घेतात, प्रात्यक्षिकाची तेवढी हमी देत नाहीत. तथापि आमच्या परिचयाचा एक उमेदवार नुकताच निधनवार्तांवरून नगरपालिकेच्या वार्तांकनावर बढती पावला असून, पहिल्याच सभेचा वृत्तांत त्याने सवयीने ‘नगराध्यक्षांच्या पश्चात तीन ठराव व एक उपसूचना असा परिवार आहे’ या वाक्याने पुरा केला.